ढब्बीला मी नेतेय

दादा,

ढब्बीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेतेय. तिथून सरळ मावशीकडे जाईन. मागे येऊ नकोस.

तिचा तुरा फिका पडलाय, पिसं फुगवून कोपऱ्यात बसते. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्रभरात रिकामी व्हायला हवी, ती दगडासारखी टणक लागतेय. मला हे आज कळलं. तुला आधीच कळलं होतं, आणि तू सांगितलंस कुणाला, तर कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला! मी शेजारच्याच खोलीत होते ना रे?

सकाळी तो पोतं घेऊन अंगणात हजर. "दादा परवाच म्हणाले, आजारी आहे, मरायच्या आत घेऊन जा."

बाकीच्या कोंबड्यांचं पाणी बदल. खुराड्यातला जुना भुसा काढ आणि नंतर हात साबणाने धू.

कोंबडीसाठी एवढं काय, म्हणशील. पण तिला बोलवायची तुझी ती शीळसुद्धा तू त्याला शिकवलीस. मान टाकून बसलेली ढब्बी, त्याने शीळ घातल्याबरोबर उठली आणि तूच आलास असं समजून धडपडत त्याच्या पायाशी गेली.