वाचून दाखवणाऱ्याची सही

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
३ नोव्हेंबर २०२५

ती. लीलाताईस,
योगराजचा शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन कानाला लावला की तुझं ऐकायचं मशीन नुसती शिट्टी मारतं, आणि तुझ्या अक्षयने तुझ्या कानाशी ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही. अख्ख्या अमळनेरला कळेल. म्हणून लिहायला बसलो.

भाऊबीजेला तुझ्याकडे आलो होतो तेव्हा सुषमाने वरण वाटीच्या बाहेर वाढलं आणि तू तिची थट्टा केलीस, आठवतं? जाताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. ताई, तिला डाव्या डोळ्याने निम्मंच दिसतं, आणि आता उजव्यालाही धूसर होऊ लागलंय. सहा महिने तिने ते माझ्यापासून लपवलं, दोनदा चष्मा बदलून पाहिला. आता मेंदूचा फोटो काढला. मेंदूच्या खालच्या बाजूला, डोळ्याच्या नसेला टेकून सुपारीएवढी गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण नस दाबत चालली आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की पंधरा-वीस दिवसांत काढली नाही तर डावा डोळा जाईल, आणि मग उजव्याची पाळी येईल.

आता खरी गोष्ट सांगतो. सुरतेत ही गाठ काढायला कोणी तयार नाही. पहिल्या सर्जनने फोटो पाहून मान डोलावली, गाठ काढता येईल म्हणाला. मग नवरा काय करतो ते विचारलं. मी नाव सांगितलं तसे त्याने फोटो पाकिटात परत घातले आणि मुंबईला जा म्हणाला. दुसऱ्याकडून आदल्या दिवशीच निरोप आला की साहेब बाहेरगावी आहेत. तिसरा बिचारा सरळ माणूस. त्याने हात जोडले आणि सांगितलं की वकीलसाहेब, तुम्ही बाहेर बाकावर बसलात तर माझा हात थरथरेल, आणि त्यात नुकसान तुमच्याच बाईचं होईल. मुंबईत तारीख मिळाली ती सव्वा महिन्यानंतरची.

अठरा वर्षं मी अपघातात हातपाय गेलेल्यांचे आणि डॉक्टरांच्या हातून बिघडलेल्यांचे दावे लढलो. त्याचं फळ हे असं मिळेल वाटलं नव्हतं. आणि माझी भीती एवढीच नाही. माझ्या कपाटात तीनशे फाइली आहेत. भूल चढली ती उतरलीच नाही, चुकीची बाजू उघडली, आत कापूस राहिला. मी कुठल्याही ऑपरेशन थिएटरचा दरवाजा पाहिला की मला त्या फाइली दिसतात. काल तर मी सुषमाच्या रिपोर्टवर सवयीने लाल पेनने खुणा करत बसलो होतो. आमच्या दिपालीने पेन काढून घेतलं.

काय करू ते कळव. थोरली आहेस.

तुझा,
योगराज

॥ श्री ॥

अमळनेर
७ नोव्हेंबर २०२५

चि. योगराज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीन वेळा वाचलं. अक्षर वाईट आलं तर समजून घे. एकतीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलं, आणि आज माझीच वेलांटी धड येत नाही.

सुषमाची थट्टा केली त्याची मला लाज वाटते. तिला सांग.

त्या सर्जनांवर रागावू नकोस. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू त्यांना भाजलंयस, बाबा. पण तू तीन सर्जन सांगितलेस आणि एक नाव गाळलंस. तनसुखभाई डॉक्टर. तूच सांगितलं होतंस की डोक्या-पाठीच्या ऑपरेशनला त्या माणसाच्या हातासारखा हात सुरतेत नाही.

मला तो लक्ष्मणचा खटला विसरता येत नाही. आपल्या पारोळ्याकडचा मुलगा, लूमवर काम करणारा, पाठीचं ऑपरेशन झालं आणि एक पाय कायमचा लुळा पडला. तू ग्राहक आयोगात जिंकलास, पेपरात फोटो आला, मी तो कापून ठेवला. पण त्याच दिवाळीला तू जेवता जेवता बोलून गेलास की डॉक्टरचा हात चुकला नव्हता, असं शंभरात दोघांचं होतंच. चूक एवढीच की धोक्याचा कागद गुजरातीत होता, आणि लक्ष्मणच्या बायकोने न वाचता त्याखाली मराठीत नाव लिहिलं. समजल्याशिवाय केलेली सही ही सही नव्हे, असं तू आयोगापुढे गरजलास. खरंच होतं ते. त्या पोरीला न सांगता तिच्या नवऱ्याला आत नेलं, ही काही छोटी गोष्ट नव्हे.

पण आता त्याच दारात जा. तो सूड उगवेल अशी भीती तुझ्या मनात आहे, मला माहीत आहे. माझ्याही मनात आली. रात्रंदिवस तीच येते. तरी जा. पाय धरावे लागले तर धर. तिच्या डोळ्यापुढे तुझा मान मोठा नाही.

माझं सगळं ध्यान तुमच्याकडे लागलंय. उलट टपाली कळव.

तुझी,
लीलाताई

॥ श्री ॥

लिंबायत, सुरत
१३ नोव्हेंबर २०२५

ती. लीलाताई यांस,
सुषमाचा शि. सा. न. वि. वि.

दिपालीच्या जाड स्केचपेनने लिहिते आहे, म्हणजे मला दिसतं. ओळी वर-खाली गेल्या तर हसू नका. नाही, हसाच. घरात बरेच दिवस कोणी हसलेलं नाही.

तुमचं पत्र यांनी मला वाचायला दिलं नाही, पण उशीखाली ठेवलं, म्हणून मी दिपालीकडून वाचून घेतलं. हे दोनदा तनसुखभाईंच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा उसाचा रस पिऊन परत आले. एवढा मोठा वकील, जजसमोर टेबल बडवणारा. मग मंगळवारी हे कोर्टात गेल्यावर मीच रिक्षा केली आणि एकटी गेले.

डॉक्टरांनी आडनाव वाचलं आणि विचारलं की वकीलसाहेबांना माहीत आहे का. मी नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिले. मग मला बेन म्हणून, आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं की गाठ निघेल, पण जागा वाईट आहे. ते करतील. एकच अट घातली.

त्या खटल्यापासून त्यांच्याकडे धोक्याचा कागद गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत छापलेला असतो, आणि तो रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवायचा नियम आहे. वाचून दाखवणाऱ्यालाही खाली सही करावी लागते. मराठी माणसांना तारा नावाच्या नर्सबाई वाचून दाखवतात, त्या नवापूरच्या आहेत. माझ्या वेळेला मात्र तो कागद यांनी वाचायचा, ही अट. मला राग आला, मी विचारलं की हा सूड आहे का. ते म्हणाले की नाही, बेन, भीती आहे. माझ्या हातात किती आहे आणि किती नाही, हे तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सांगितलं, तरच मी शांत हाताने चाकू धरू शकेन.

मी घरी येऊन यांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. जेवलेही नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले की वाचीन.

ताई, मला मरायची भीती वाटते. हे लिहून टाकते, कारण इथे कोणाला सांगता येत नाही. दिपाली बारावीला आहे, आणि हे तर माझ्याकडे पाहतात तेही फाइल चाळल्यासारखं. ऑपरेशन १९ तारखेला ठरलं आहे.

आपली माया आहेच, ती या दिवसांत जरा जास्त लागेल.

आपली,
सुषमा

॥ श्री ॥

सुरत (दवाखान्यातून)
१८ नोव्हेंबर २०२५, दुपार

ती. लीलाताईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुला ऑपरेशननंतर मिळेल. तरी आत्ताच लिहितोय, कारण मी एक वाईट गोष्ट केली आहे आणि ती पोटात ठेवून मला बसवत नाही.

दुपारी एक वाजता तनसुखभाईंनी तो कागद माझ्या हातात दिला. सहा वर्षांनी समोरासमोर आलो. नमस्कार केला, त्यांनीही केला. त्यांचे केस सगळे पांढरे झालेत. सुषमा खाटेवर बसली होती, तारा नर्स तिच्या बाजूला उभी होती. कागदावर अकरा कलमं होती. मराठी चांगली होती, ताई. कुठेही आडपडदा नव्हता. मी आयोगापुढे जसा कागद असायला हवा म्हणून सांगितलं होतं, अगदी तसा.

मी वाचायला सुरुवात केली. रक्तस्राव, ताप, झटके येणं, सगळं वाचलं. सातव्या कलमावर आलो. डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. सुषमा माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला. मी घसा खाकरला आणि आठवं वाचलं. तसंच पुढे अकरावं गाळलं. त्यात मृत्यू हा शब्द होता. त्याआधीचं दहावं वाचून मी झालं म्हणालो आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने सही केली.

मग मी केली. माझ्या सहीच्या वर छापलेलं आहे की वरील सर्व मजकूर मी रुग्णाला समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून दाखवला आहे. पुढच्या खाटेवरचा रुग्ण पाहून तनसुखभाई परत आले आणि कागद घेऊन मला धन्यवाद म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. तारा माझ्याकडेच बघत होती.

ताई, अर्धं सांगणं म्हणजे फसवणं, हे वाक्य मी याच माणसाकडे बोट दाखवून उच्चारलं होतं. लक्ष्मणची बायको मागे बसून रडत होती. आज मी माझ्या बायकोला तिच्यासारखंच अंधारात ठेवलं, आणि डॉक्टरलाही फसवलं. आत्ता आत जाऊन सांगावं तर ती घाबरेल, कदाचित नाही म्हणेल, आणि दोन्ही डोळे जातील. न सांगावं आणि उद्या ती टेबलावरच गेली तर ती माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून जाईल. मी तीन वेळा दारापर्यंत गेलो. आत ती तारा नर्सशी काहीतरी बोलत होती. मी परत येऊन बाकावर बसलो.

सकाळी आठला नेणार आहेत. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही.

तुझा,
योगराज

॥ श्री ॥

अमळनेर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. योगराज यास,
ताईचे आशीर्वाद.

१९ तारखेला अक्षयने मोबाइलवर तुझा निरोप दाखवला तोवर मी तोंडात पाणी घेतलं नव्हतं. गाठ पूर्ण निघाली, ती शुद्धीवर आहे, बोलते आहे, उजव्या डोळ्याला आता नीट दिसतं. वाचून मी घोटभर पाणी प्यायले. मग शेवटची ओळ वाचली, की डाव्याचा अंधार राहिला.

त्यानंतर तुझे निरोप येतात ते औषधांचे आणि टाक्यांचे. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. दिपाली लिहिते की आईची पट्टी बदलायला आले की बाबा बाहेर निघून जातात, आणि आईने डाव्या डोळ्याबद्दल काही विचारलं नाही म्हणून आणखीनच घाबरतात.

परवा टपालाने दोन पत्रं एकदम आली, दोन्ही १८ तारखेची. एक तुझं. दुसरं सुषमाचं, परक्या अक्षरात. तुझं वाचून मी तुझ्यावर फार चिडले. समोर उभा असतास तर कान पिळला असता, वकील असलास तरी. मग तिचं वाचलं.

पाकिटातल्या वेगळ्या चिठ्ठीत तिने मला बजावलंय की ती गेली किंवा दृष्टी गेली, तरच ते तुला द्यायचं, एरवी चुलीत घालायचं. ती आहे, देवाची कृपा. एक डोळा गेला. दोन दिवस विचार केला की हे द्यायचं की जाळायचं. मला ते जाळवत नाही, म्हणून सोबत पाठवते. तिच्याजवळ बसून वाच. बाहेर बाकावर नको.

तब्येतीला जप. पुढच्या आठवड्यात मी येते आहे, नको म्हणू नकोस, मला ऐकू येत नाही.

तुझी,
लीलाताई

(सोबतचं पत्र)

सुरत
१८ नोव्हेंबर २०२५

ती. लीलाताई यांस,
सुषमाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर ताराबाईंचं आहे, सांगणं माझं. हे बाहेर बाकावर बसले आहेत, तेही तुम्हालाच लिहीत असतील.

यांना सगळं वाचून दाखवता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. म्हणून आज सकाळी, हे यायच्या आधी, मी ताराबाईंकडून तो कागद पूर्ण वाचून घेतला. अकराच्या अकरा कलमं. सातवं ऐकून मी रडले. अकरावं ऐकून रडूही आलं नाही. ताराबाईंनी पाणी दिलं, आणि मी सांगितलं की पुन्हा एकदा वाचा.

दुपारी यांनी नऊ वाचली. सहावं झालं, घसा खाकरला, आणि एकदम आठवं आलं. ताराबाई बोलणार होत्या, मी त्यांचा हात दाबून धरला. शेवटी झालं म्हणाले तेव्हा आवाज असा आला की मला यांचीच कीव आली. अठरा वर्षं लोकांच्या मरणाचे कागद घडाघडा वाचणारा माणूस, माझ्या वेळेला त्याला दोन ओळी वाचता आल्या नाहीत. ताई, मला त्याचा राग नाही आला. खरं सांगू, सुखच वाटलं.

पण उद्या काही झालं तर हे स्वतःला सोडणार नाहीत. जन्मभर आपल्याच विरुद्ध खटला चालवतील आणि आपणच हरतील. म्हणून हे लिहून ठेवते, आणि वकिलाच्या बायकोने लिहावं तसंच लिहिते.

सातवं कलम, डावा डोळा जाऊ शकतो, मला माहीत होतं. अकरावं कलम, मी मरू शकते, मला माहीत होतं. दोन्ही मला माझ्या भाषेत वाचून दाखवली, दोनदा. मला कोणी फसवलेलं नाही, माझ्या नवऱ्याने नाही आणि डॉक्टरांनीही नाही. काही बिघडलं तर डॉक्टरांवर दावा करू नये, त्यांनी खरं तेच सांगितलं.

मला खूप भीती वाटते आहे. तरी सगळं समजून सही करते. सहीची जागा ताराबाईंनी बोट धरून दाखवली, सही माझी आहे.

आपली माया कमी होऊ देऊ नये.

सौ. सुषमा योगराज

वाचून दाखवणारी : तारा