शेंगतेलातले तात्या

५ जानेवारी
सकाळी लोणी भापकरहून सासूबाईंचा फोन. "पाव्हणं, तात्यांचा फोटू कुठवर आला?"
गेल्या वर्षी सासऱ्यांच्या, म्हणजे म्हस्कूतात्यांच्या दशक्रियेला मी भाषण केलं. ओघात बोलून गेलो की वर्षश्राद्धाला त्यांचं तैलचित्र स्वतःच्या हातानं काढून देईन. दशक्रियेला टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या. माईकवर दिलेला शब्द माईक बंद झाला की लोक विसरतात, हा आजवरचा अनुभव. सासूबाई सिंधुबाई विसरल्या नाहीत.
"रेखाटन चालू आहे," म्हटलं. उद्या कॅनव्हास आणतो.

८ जानेवारी
बारामतीतून कॅनव्हास, ब्रश, रंग. दुकानदाराला विषयाचं गांभीर्य समजावलं. तैलचित्रं राजांची झाली, सरदारांची झाली, त्यांच्या घोड्यांचीही झाली. जन्मभर मेंढरं राखणाऱ्याचं एक नाही. हा इतिहासाचा अन्याय मी दूर करणार. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांनीही ऐकलं.
दुकानदार एवढंच म्हणाला, "सर, रंगात घालायचं जवसाचं तेल राहिलं. त्यानंच रंग वाळतो." घरात शेंगतेलाचा डबा आहे. जवस काय, शेंग काय, माती एकच.

१२ जानेवारी
अडचण. तात्यांचा चेहरा कुणाकडेच नाही. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचे. आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नुसतं लाल पागोटं आहे. मतदान कार्डावर तोंड आहे, पण सासूबाई ते बघत नाहीत. म्हणतात, "चोर धरल्यावानी दिसत्यात." म्हणून तर बिचाऱ्या वर्षभर माझ्या चित्राची वाट बघतायत.
जबाबदारी मोठी. उद्यापासून पहाटे उठणार.

१५ जानेवारी
संक्रांतीमुळे पहाट जमली नाही. काल तीन ठिकाणी भाषण होतं.

१९ जानेवारी
नाक बसेना. कार्डावर नाकाच्या जागी सावली आहे. थोर चित्रकार जिवंत नाक समोर ठेवतात. बाथरूममधला आरसा काढून आणला. नाक शेवटी नाकच.

२३ जानेवारी
कान, कपाळ, हनुवटीही आरशातूनच. तात्यांचे डोळे बारीक होते. विचारांचं तेज दिसावं म्हणून मोठे केले.
सारजा दारातून म्हणाली, "अहो, तात्यांना मिशा होत्या." बायकोला वडिलांचं फार. मिशा लावल्या. आता शंकेला जागा नाही.

२९ जानेवारी
सासूबाईंनी मेव्हण्याबरोबर तात्यांचं पागोटं पाठवलं. नागेश म्हणाला, "दाजी, आई ह्याला कुणाला हात लावू देत न्हाय. जपून."
खुर्चीवर ठेवून दुपारभरात रंगवलं. डाव्या बाजूला चुन्याचा डाग होता, तोही आला. पागोट्यात विचार नसतो, म्हणून लवकर झालं. चित्रातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग.

५ फेब्रुवारी
चित्र वाळेना. पंखा लावला, उन्हात ठेवलं, सारजाचा हेअर ड्रायर फिरवला. कपाळाला मुंग्या लागल्या. सारजा म्हणते, घरभर भज्यांचा वास येतो. कलेची किंमत घरच्यांना कधीच नसते.

१० फेब्रुवारी
अनावरणाचं भाषण तयार: "भिंतीवरची सत्ता". चित्रापेक्षा वरचढ होऊ नये म्हणून दोन मुद्दे गाळले.

१५ फेब्रुवारी, रात्री
वर्षश्राद्ध. ओलं चित्र पिकअपमध्ये छातीपासून लांब धरून लोणीला नेलं. भाषण उत्तम. मग शाल बाजूला सारली. मांडव गप्प. मला वाटलं, भारावले.
नागेशनं झेंडूचा हार घातला. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "आरं, ह्ये वक्ते कधी गेले?"
"गेले कुठं? आत्ता बोलत हुते की."
सारजानं धावत जाऊन हार ओढला. "जित्या माणसाच्या फोटूला हार घालतात व्हय रे?" हे नागेशला. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. झेंडूच्या पाकळ्या हनुवटीला चिकटून राहिल्या.
सासूबाई पुढे आल्या. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच जास्त वेळ. त्यांचा चेहरा पडला. मग नजर वर पागोट्यावर गेली आणि तिथंच राहिली. चुन्याच्या डागापाशी बोट नेलं, पण टेकवलं नाही.
"पागोटं त्येंचंच हाय," म्हणाल्या. "रंग वला हाय न्हवं? मग तोंड तेवढं पुसा."
मी चेहऱ्यामागची भूमिका मांडू लागलो. नागेशनं फडकं घेतलं. शेंगतेलामुळे फार जोर लागला नाही.

२० फेब्रुवारी
चित्र लोणीच्या घरात, चुलीसमोरच्या भिंतीवर लागलं. वर पागोटं, खाली नुसता मातकट रंग. सारजा म्हणाली, "आता कुठं तात्या दिसतात. बघणाऱ्याकडं पाठ करून उभे." सासूबाई भाकरी थापताना त्याच्याशी बोलतात. आज उसाला पाणी सोडल्याचं सांगत होत्या.
म्हणजे माझी कला शेवटी लोकांपर्यंत पोचलीच. मुळात तोंड काढायचं नाही, हे मलाही आतून जाणवत होतंच.
ब्रश खिशात होता. खालच्या कोपऱ्यात सही करू का, विचारलं.
"नगं पाव्हणं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्ना तुमीच दिसाल."