गाडीचे दिवे आणि तुम्ही कापलेले दोन गुण

सिस्टर,

गाडीचे दिवे बदलायचे म्हणून मी सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दुकानात गेले आणि तिथे, सीट कव्हरं आणि हॉर्नच्या ढिगाऱ्यात उभी असताना, मला तुमची आठवण झाली. त्याचा मला राग आलेला आहे, म्हणून लिहिते. तुम्ही असतात तर हे पत्र इंग्रजीत लिहावं लागलं असतं आणि तुम्ही ते लाल शाईनं तपासून परत पाठवलं असतंत. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा मराठीत लिहिते. आणि आधीच सांगून टाकते, नववीत तुम्ही माझे जे दोन गुण कापलेत ते मी विसरलेले नाही. नोकरी झाली, निवृत्ती झाली, गुडघे गेले, पण ते दोन गुण आहेत तिथेच आहेत.

तो तास मला अजून दिसतो. दुपारची वेळ आहे, खिडक्यांना तुम्ही तपकिरी कागद डकवलाय, आणि आम्ही चाळीस मुली घामानं चिकचिकतोय. कॉन्व्हेंटच्या पहारेकऱ्याचा टॉर्च तुम्ही त्याला न विचारता उघडलाय. हातात नुसती ती चकचकीत वाटी आणि तारेला लावलेला इवलासा बल्ब. बल्ब पुढे नेलात की भिंतीवर नुसता पसारा, सांडलेल्या दुधासारखा. गव्हाच्या दाण्याएवढा मागे घेतलात की अचानक नेटका गोल. आम्ही ‘आ’ केला. तुम्ही म्हणालात, तोंडं मिटा आणि आकृती काढा. मी काढली. वर्गात सर्वांत सुबक माझी होती, तुम्हीही ते मान्य केलंत, आणि दोन गुण कापलेत, कारण किरणांना बाण नव्हते. मी वही घेऊन तुमच्या टेबलाशी आले. म्हटलं, सिस्टर, उजेड दिव्यातून बाहेर जातो हे शेंबड्या पोरालाही कळतं, बाण कशाला? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “कुठे जातो तेच विचारलं होतं. तेवढंच तू लिहिलं नाहीस.” आणि पुढची वही ओढलीत. याला काय न्याय म्हणायचं?

असो. आता दिव्यांचं सांगते. माझी अक्का मोहोळला एकटी राहते. सोलापूरला ये म्हटलं तर म्हणते, तुझ्या शुक्रवार पेठेत गाड्या लावायला जागा नाही, मी कुठे मावणार? मंगळवार आणि शुक्रवार मी गाडी घेऊन तिच्याकडे जाते आणि आम्ही रमी खेळतो. ती दुपारी झोपते ती चारला उठते, साडेचारला चहा, मग पत्ते. अक्का बिनदिक्कत फसवते, मी बिनदिक्कत ओरडते, आठवड्यात मला इतकं बरं दुसरीकडे कुठे वाटत नाही. पण थंडी सुरू झाली की सहालाच अंधारून येतं, आणि यंदा परतताना मला रस्ता दिसेना. समोर दोन मळकट पिवळे ठिपके, बस्स. डोळ्यांचं म्हणाल तर दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत आणि डॉक्टरांनी मला शेवटची ओळसुद्धा वाचायला लावली. पण आमच्या ह्यांना पटेल तर ना. ह्यांना जन्मात गाडी चालवता आली नाही, त्यामुळे गाडीबद्दल ह्यांची मतं पक्की असतात. म्हणाले, “एसटीनं जा, नाहीतर पाचला निघत जा.” पाचला निघायचं म्हणजे चहा पिऊन उठायचं. पत्ते बंद. अक्काला हे सांगायचं कुणी? म्हणून मी ठरवलं, दिवे बदलायचे. ते जमलं तर मंगळवार-शुक्रवार राहणार, नाहीतर संपले.

दुकानदार तिशी-पस्तिशीचा. घरचे माग बंद झाल्यावर त्यानं हे दुकान टाकलं. फोनवर तेलुगूत बोलतो आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. मी गाडी दाखवली, तक्रार सांगितली, सगळं मी सांगितलं. त्यानं वाकून दिव्याच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याबरोबर येऊन स्टुलावर बसलेल्या ह्यांना म्हणाला, “सायेब, काच पिवळी पडलीय की. घासून पॉलिश मारू, साधा कंपनीचा बल्ब टाकू. मॅडम काय लई जोरात चालवत नसतील, तेवढं बास होतंय.” हे म्हणाले, “मला विचारू नका. मला गाडीचं फक्त दार उघडता येतं.” तरी तो ह्यांच्याकडेच बघतोय! मी सत्तावीस वर्षं विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासले, सिस्टर. जळलेल्या, चेपलेल्या, ओढ्यात गेलेल्या किती गाड्या पाहिल्या असतील. आणि मला काय बास होतं ते हा स्टुलाला सांगतो.

“साधा नको,” मी म्हटलं. “सगळ्यात भारी काय आहे ते काढा.”

मग त्यानं फळीवर बसवलेले दिवे एकेक करून लावून दाखवले. शंभर वॅटचा मी तिथल्या तिथे बाद केला. त्यानं होल्डर वितळतो, असले वितळलेले होल्डर माझ्या टेबलावर पुराव्याला येत असत. दुसरा प्रकार प्रोजेक्टरचा, त्यासाठी अख्खा दिवा उघडून वायरिंगही कापावं लागतं. वायरिंग कापलेल्या गाड्यांचे दावे मी स्वतः नामंजूर केलेले, तेव्हा तेही नको. राहिलं एलईडीचं किट. मागे छोटा पंखा, पांढराशुभ्र उजेड, आणि वायर कापायची नाही, नुसता प्लग लावायचा. मी विचारलं, “पण हा बल्ब जुन्या बल्बच्याच जागी बसतो का? वाटीत उजेड नेमका कुठे पडतो?” एवढा प्रश्न मला सुचला, याचं श्रेय तुम्हाला देते. तो म्हणाला, “उजेड लई लांब जातोय मॅडम, काळजीच नको.” हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला कळलं होतं. पण तेवढ्यात तो ह्यांना म्हणाला, “बघा सायेब, मॅडमना हा झेपंल का?” त्यापुढे माझ्याकडून काय अपेक्षा करता? बसवा म्हटलं.

शुक्रवारी मी अक्काकडून पावणेसातला निघाले. तीन डाव हरले होते, त्यातले दोन तरी तिनं चोरले होते. दिवे लावले आणि काय सांगू, रस्त्याकडेची बाभळ पानापानानं दिसतेय, दगडावरचा चुना दिसतोय. मी मोठ्यानं हसले. समोरून येणारे सगळे मला दिवे मारत होते. मला वाटलं, जळतायत मेले. एक मोटारसायकलवाला काहीतरी ओरडून गेला, त्यालाही मी कौतुकच समजले. हमरस्त्याला लागायच्या आधीच्या अरुंद तुकड्यावर मेंढ्या आल्या. त्या मला दिसल्या, चांगल्या लांबून दिसल्या. मी वेग कमी केला, हॉर्न दिला, त्या कडेला सरकतील अशा हिशेबानं पुढे येत राहिले. त्या सरकल्या नाहीत. जिथल्या तिथे थिजल्या. मध्ये एक बाई, काखेत कोकरू, दुसरा हात डोळ्यांवर, ती कडेला जायच्याऐवजी सरळ माझ्या समोर आली. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा एका मेंढीचं नाक बंपरला लागलं होतं आणि त्या बाईत आणि गाडीत हातभर अंतर होतं.

ती चाचपडत खिडकीशी आली. माझ्याच वयाची असेल. “बाई, त्यो दिवा मालवा आदी.”

“डिप्पर दिलाय मी,” मी म्हटलं.

“ह्यो डिप्पर हाय? मग अप्पर कुटं ठिवलाय, आभाळात?”

मी म्हटलं, बाई, तुम्ही समोर आलात, मला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. तेव्हा तिनं खिडकीवर काठी टेकवली. “तुमाला दिसतंय व्हय? मग हिकडं या की. उतरा. हितं ऱ्हावा.” आणि मी उतरले, सिस्टर. कुणी मला उतर म्हणावं याची मला सवय नाही, पण उतरले. तिनं मला दंडाला धरून माझ्याच गाडीसमोर उभं केलं. काही नाही. पांढरं, आणि त्याच्या आत काही नाही. रस्ता गेला, कड गेली, माझे हात गेले. ती शेजारी होती, कोकरू तोंडाशी बेंबटत होतं, आणि मला ना ती दिसत होती ना ते. “आता सांगा,” ती म्हणाली, “मी कंच्या अंगाला जायाचं हुतं?”

तिनं विचारलं तो तुमचाच प्रश्न होता, उजेड कुठे जातो. तो रस्त्यावर पसरून उरलेला सगळा लोकांच्या डोळ्यांत जात होता, कारण तो बल्ब त्या वाटीत गव्हाच्या दाण्याएवढा चुकीच्या जागी बसला होता, आणि हे मला नववीपासून माहीत होतं. मी तिची माफी मागितली. मला ते फारसं येत नाही, त्यामुळे दोनदा मागितली. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. पाणी हाय का गाडीत? प्या थोडं.” पाण्याची बाटली माझी, आणि पाजलं तिनं.

मी दिवे बंद करून, पार्किंगच्या दिव्यांवर, माणूस चालेल त्या वेगानं मागे अक्काकडे गेले आणि ह्यांना फोन केला की अक्का सोडतच नाही, राहते आज. अक्का पलंगावरून म्हणाली, “मी कधी म्हटलं?” मग माझ्याकडे नीट बघितलं आणि पत्ते पिसले. त्या रात्री तिनं फसवलं नाही. त्यानं मी जास्तच घाबरले.

शनिवारी सकाळी उन्हात गाडी थेट भवानी पेठेत नेली. किट काढून घेतलं. त्यानं ओला पॉलिश पेपर घेऊन काचा घासल्या आणि पिवळं दुधाळ पाणी ओघळायला लागलं. आत कंपनीचे साधे बल्ब. नवा साधा बल्ब आणि स्वच्छ काच, एवढंच हवं होतं. तो म्हणाला, “मॅडम, हे मी त्या दिवशीच सांगितलं हुतं की.” मी म्हटलं, “मला नाही सांगितलंस. ह्यांना सांगितलंस.” त्यानं पेपर पाण्यात बुडवला आणि म्हणाला, “व्हय, ते चुकलंच.” आणि मला विचारलं, दिव्यांचा झोत किती खाली ठेवायचा. मला विचारलं! संध्याकाळी ह्यांना घेऊन मी पुन्हा गेले आणि अंधारून आल्यावर समोरच्या बंद शटरवर खडूनं रेघ मारून आम्ही दोघांनी तो बसवला. तो स्क्रू फिरवतोय, मी शटरपाशी उभी राहून ‘अजून खाली, अजून’ ओरडतेय, आणि हे स्टुलावर बसून गल्लीतल्या लोकांना सांगतायत की आमच्या मिसेस विम्यात होत्या.

म्हणजे ते दोन गुण तुम्ही बरोबर कापलेत असं मी म्हणत नाही. एक गुण कापला असता तरी चाललं असतं. पण हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला पुरलं कुठल्या गावी हेही मी कधी विचारलं नाही, तेव्हा हे माझ्या टेबलाच्या खणात जाईल आणि इथे जे लिहायचंय ते कुणाला दिसणार नाही. काल मंगळवार होता. मी गेले, सहाच्या पुढेही खेळले, आणि निघाले. दिवे उत्तम आहेत. रस्ता पुरेसा दिसतो, कुणी दिवे मारले नाहीत. तरी त्या अरुंद तुकड्यावर मी गाडी कडेला घेतली आणि हात पदराला पुसत बसून राहिले. मागून सोलापूरला जाणारी एसटी आली. तिला पुढे जाऊ दिलं आणि तिच्या मागे लागले. ती थांबली की मी थांबले, ती निघाली की मी निघाले, थेट पुणे नाक्यापर्यंत. एवढ्या खटाटोपानंतर अख्खा रस्ता मी एसटीची पाठ बघत आले. घरी पोचल्यावर अक्काला फोन केला. तिनं विचारलं, दिसलं का नीट? म्हटलं, लख्ख. शुक्रवारी पत्ते काढून ठेव.