बाबांच्या मागून आलेली गाडी

प्रिय मास्तरीणबाई,

बाबा वळले नाहीत, त्या क्षणी माझं सगळं बदललं. काल सकाळी, आपल्याच यार्डात, चार्जिंगच्या खांबांकडून गाड्या धुण्याच्या कट्ट्याकडे जाणाऱ्या त्या अरुंद पट्टीत. मी नवी विजेची गाडी घेऊन मागून येत होतो आणि ते डब्याची पिशवी हातात घेऊन पुढे चालले होते. गाडी हळू असली की ती जी भुणभुण करते ना, जी तू आम्हाला पहिल्या दिवशी काचा खाली करून ऐकवली होतीस आणि म्हणाली होतीस की ही ड्रायव्हरसाठी नाही, रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, ती चालू होती. मला आत बसून ऐकू येत होती. कट्ट्यावर पाणी मारणाऱ्यानेही मान वर करून पाहिलं. बाबा मात्र पट्टीच्या मधोमध, आपल्याच तंद्रीत. मला वाटलं, मुद्दाम करतायत. बापासाठी पोरगा थांबतो का ते बघतायत. म्हणून मीही हट्टाला पेटून पाय तसाच ठेवला. मग एकदम कळलं की हा माणूस बाजूला होणारच नाही, आणि मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. बंपर पिशवीला लागला, डबा खणखणला, तेव्हा कुठे ते वळले. चेहऱ्यावर आधी नुसती भीती, लहान मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी उघडी. आणि लगेच हसू. मांजरासारखा येतोस की रे, म्हणाले. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण मी बोलत असताना त्यांची नजर कुठे होती ते आठवतंय. डोळ्यांवर नव्हती. माझ्या ओठांवर होती.

म्हणजे तू म्हणत होतीस ते खरं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी कागद फाडावे लागले. फोन केला नाही, कारण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझं तुला माहीत आहे, माझी जीभ माझ्या आधी पोचते. कागदाचं बरं असतं. शिवी लिहायलाही वेळ लागतो. अर्धी होईस्तोवर राग उतरतो आणि खाली उरतं ते एक घाबरलेलं पोर. ते पोरच आज लिहितंय असं समज. तुझा तो भडकू बाहेर गेलाय.

तू दुसऱ्या डेपोला गेल्यापासूनची इथली खबर ऐक. जुन्या डिझेलच्या गाड्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्यात, नंबराच्या पाट्या काढून. कवळी काढून बसवलेल्या म्हाताऱ्यांसारख्या दिसतात. आपला दवंडी, ज्याच्या पोटात बातमी जिरत नाही, तो रोज नवी आवई उठवतो. अर्धे ड्रायव्हर कमी करणार. पुढे गाड्या आपल्या आपण चालणार आणि आपल्याला आत बसवणार ते फक्त साहेबांना नमस्कार करायला. लोक खदखदून हसतात, पण हसून झाल्यावर जो तो आपापल्या चहात बघतो. गाडीत बसलं की सगळ्यांचा हात अजून चावीच्या जागी जातो, हवेतच पिरगाळून परत येतो. चढावर बॅटरी वाचावी म्हणून एकाने एसी बंद केला आणि मोठ्या साहेबांना घामाने न्हाऊ घातलं. पण सगळ्यांत वाईट भीती वेगळीच आहे, आणि ती प्रत्येकाला आहे. गाडी चालू आहे की बंद, तेच कळत नाही. डिझेलची गाडी चालू असली की बुडाखालून कळायचं, गुडघ्यात कळायचं. ही मेल्यासारखी उभी असते आणि मेलेली नसते. म्हणून आम्ही सगळे त्या टिंगटिंगीवर विसंबून आहोत, गाडी चालू ठेवून दार उघडलं की जी ओरडायला लागते तिच्यावर. दवंडीने तिचं नाव सासू ठेवलंय. पाय बाहेर टाकायचा अवकाश, हिचं सुरू. सगळे तिला शिव्या घालतात आणि सगळे तिच्याच जिवावर जगतात.

तू नव्या गाड्या शिकवायला आलीस त्या दिवशी मी दार आपटलं होतं. तू सगळ्यांच्या देखत मला ते पुन्हा उघडायला लावलंस, पुन्हा लावायला लावलंस, हळू, अजून हळू, क्लिक ऐकू येईल एवढंच. दवंडी फिदीफिदी हसत होता. मी, ज्याने प्राचार्यांच्या खोलीचं दार आपटून कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तो मी मुकाट्याने तुझ्यासमोर दार लावत राहिलो. तिथेच मेलो मी. तुझ्या ते लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे, पण नंतर मी विनाकारण दारं उघडत आणि लावत फिरायचो, तू बघावंस म्हणून.

बाबांची ती सवय तुला आठवत असेल. सकाळी डिझेलची गाडी सुरू करायचे आणि बोनेटवर पंजा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा नाडी बघतोय. नव्या गाडीवरही त्यांनी तसाच पंजा ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. सगळे हसले, तू हसली नाहीस. मग तो उताराचा दिवस. ते गाडी चालूच ठेवून उतरले. सासू ओरडत होती, ते आपले पुढे निघाले, गाडी हळूच सरकायला लागली, आणि तू शेजारच्या सीटवर होतीस म्हणून ती थांबली. लोक पुन्हा हसले. बाबांनी वळून आमची तोंडं पाहिली आणि तेही हसायला लागले. कशावर हसतोय ते कळलेलं नसताना हसले. हे मला आता दिसतंय. तुला तेव्हाच दिसलं.

त्या संध्याकाळी तू मला बाजूला बोलावलंस. मला वाटलं, उघडलं आपलं नशीब. कॉलर बिलर सारखी करून आलो होतो मी. आणि तू म्हणालीस, तुझ्या बाबांना ऐकू येत नाही, ते हाताने ऐकतात, आणि या गाडीत हाताला ऐकण्यासारखं काही नाही. मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. चार दिवसांची पाहुणी, लोकांच्या घरात डोकावणारी, म्हाताऱ्याची नोकरी खाणारी. आणि इतकं शिकवून घेऊनही गाडीचं दार तुझ्या तोंडावर आपटलं. तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस की त्यांना गाडी चालवता येत नाही असं माझं म्हणणं नाही. कानाला यंत्र लावता येईल, उतरण्याआधी स्क्रीन बघायची सवय लावता येईल, पण आधी त्यांनी तोंडाने कबूल करायला हवं. आणि मला म्हणालीस, त्यांच्याकडे पाळणाघरातल्या पोरांच्या फेऱ्या यायच्या आत तू त्यांच्याशी बोल, नाहीतर मला वर कळवावं लागेल. मग तू गेलीस, आणि कळवलं नाहीस. कुणासाठी कळवलं नाहीस, ते न कळण्याइतका मी ढ नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट, कालपासून तेच छातीवर बसलंय. उद्या काही झालं, तर त्या गप्प बसण्यावर तुझंही नाव असेल.

काल पिशवीला बंपर लागल्यापासून मी माणसात नव्हतो. संध्याकाळी घरी आलो, बाबा दाराकडे पाठ करून बसले होते, शर्टाचं बटण लावत होते, सुई दिव्याकडे धरून. आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. मी त्यांच्या मागे उभा राहून बाबा म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. मग मागे गेलो, आणि आमच्या खोलीचं दार होतं नव्हतं तेवढं बळ लावून आपटलं. फळीवरची वाटी खाली आली. आईच्या हातातली घडी सुटली. बाबांनी दोरा ओढला, दाताने तोडला आणि बटण ओढून बघितलं, घट्ट बसलंय का म्हणून. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिला माहीत आहे. केव्हापासून माहीत आहे, देव जाणे. बोलायच्या आधी ती नेहमी त्यांच्या समोर जाऊन उभी राहते, दंडाला हात लावते, मग बोलते. मला ते प्रेम वाटायचं. प्रेमच आहे ते, पण त्याला एवढं काम असेल असं वाटलं नव्हतं. बाबा आत गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की निवृत्तीपर्यंत निभेल रे, तू मध्ये पडू नकोस. तिच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त भीती होती.

आणि आता जे सांगतो ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लहानपणापासून मी दार आपटलं की बाबा असतील तिथून ओरडायचे, दार आहे ते, वैरी नाही! शेजाऱ्यांनासुद्धा पाठ होतं. कॉलेज सोडल्याच्या सुमाराला ते ओरडणं बंद झालं. मी कॉलेज सोडलं हे त्यांना सांगितलं तेव्हा ते मोरीपाशी दाढी करत होते, माझ्याकडे पाठ करून. नळ चालू होता. मी एका दमात सांगून टाकलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. ते काही बोलले नाहीत. तोंड धुतलं, टॉवेल घेतला, माझ्या बाजूने निघून गेले. मी धरून चाललो की आपण त्यांच्यासाठी संपलो. तेव्हापासून मी त्यांच्याशी तुटक वागलो, बोललो तर त्यांच्या पाठीकडूनच, नाहीतर बोललोच नाही, दारं आपटली, अजून जोरात आपटली, एकदा तरी ओरडतील म्हणून. मास्तरीणबाई, तो माणूस माझ्यावर रुसलेला नव्हता. त्याने ऐकलंच नव्हतं. बातमी त्याला मागाहून आईकडून कळली असणार, आणि त्याला वाटत असणार की पोराने आपल्याला तोंडाने सांगायचीही गरज मानली नाही. तरी मला याच यार्डात त्यांनीच चिकटवलं, गाडी पुसायला त्यांनीच शिकवलं. दोघं एका खोलीत राहून एकमेकांना शिक्षा देत होतो आणि दोघांनाही गुन्हा माहीत नव्हता.

आज दुपारपासून त्यांच्याकडे पाळणाघराची फेरी आहे. त्या फाटकापुढचा उतार तू पाहिलायस. पोरं सुटली की सुटतात. कुणाची चप्पल राहते, कुणाचा चेंडू गाडीखाली जातो, आणि त्याच्यामागे ते पोर जातं. बाबा कधीच नुसते गाडीत बसून राहत नाहीत. उतरणार, दार उघडणार, एकेकाला उचलून आत ठेवणार. त्यांना पोरं आवडतात. मी डोळे मिटले की तेच दिसतं. ते उतरलेत, गाडी चालू आहे, सासू कोकलतेय, बाया ओरडतायत, थांबवा, थांबवा, आणि बाबा कुणाला तरी कडेवर घेऊन हसतायत, पाठ गाडीकडे. कुणाचीतरी चप्पल दिसते. त्याच्यापुढे मी बघत नाही. आमची खोली यार्डाच्या वरच, आत्ता खिडकीतून खाली दिसतायत ते. गाडी पुसून लख्ख केलीय, आत जाऊन बसलेत. हात स्टिअरिंगवर, मान खाली. गाडी चालू आहे की बंद, मला इथून सांगता येत नाही. आणि मला वाटतं, त्यांनाही येत नसावं. मला आता असंही वाटतंय की ते माझ्याहून जास्त घाबरलेत, रोज घाबरत आलेत, आणि सांगायला समोर कुणी उभंच राहिलं नाही.

हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायला मी स्वतः येईन, आणि तू म्हणशील तितक्या वेळा दार लावून दाखवीन. पत्र लिहिलं ते मला पळून जाता येऊ नये म्हणून. तुझ्या डेपोकडे जाणारी स्टाफबस फाटकात उभी आहे. आधी हे पाकीट तिच्या ड्रायव्हरच्या हातात देणार, मग बाबांकडे वळणार. दुपारच्या आत ते तुला मिळेल. बाबा मला सोबत घेऊन, सगळं कबूल करायला ऑफिसची पायरी चढले, तर मी लगेच तुला मोबाइलवर दोन ओळी लिहून कळवीन. माझा निरोप आला नाही, तर समज की माझी तंतरली. मग तू कुणाचीही भीड धरू नकोस, माझी तर मुळीच नको, सरळ फोन उचल आणि ती फेरी थांबव. मी आयुष्यात पुष्कळ आरडाओरडा केला, पण हे ओरडून सांगता येणार नाही. गाडीची काच उतरवायला लावीन, समोर उभा राहीन, दंडाला हात लावीन आणि एकेक शब्द सावकाश बोलेन, माझ्या ओठांवरून त्यांना वाचता येईल असा. आई आतून हाक मारतेय, थांब म्हणतेय. मी निघालोय. दार लावून घेतोय, हळू, क्लिक ऐकू येईल एवढंच. आणि मनात येतंय की आत्ता ते धाडकन आपटावं, आणि खालून त्यांनी ओरडावं.

तुझाच,
भडकू