मेंढ्या बसलेला तुकडा

वडनेर भोलजी, श्रावण वद्य दशमी

हाताचं बोट अजून वळत नाही. गणपतचा दात लागला तिथं.

दुपारी माझे दोन्ही बैल ज्वारीत घुसले. उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या, नेमके त्याच तुकड्यात. लेंड्या-मुताच्या जोरावर तिथली ज्वारी काळीभोर झालेली. साऱ्या गावाला दाखवत फिरलो होतो मी ती. पंधरा दिवस पाऊस नाही, वाढ खुंटली, तरी काळीभोर.

मी पोचलो तेव्हा ढवळ्या तोंडाला फेस आणून पाय झाडत होता. शेजारचा गणपत बांधावर उभा. कालच त्याची गाय माझ्या शेतात, बिनखताच्या बाजूला चरली. तिला काही झालं नाही. मग माझ्याच बैलाला काऊन? यानंच विष घातलं, दुसरं काय!

विचारलंसुद्धा नाही. त्याला खाली पाडलं, छातीवर बसलो आणि तोंडावर बुक्क्या मारत सुटलो. तो ओरडत होता. गयावया करतोय असं वाटलं, म्हणून आणखी मारलं. बोट फाटलं ते तेव्हाच.

मागे पवळ्या धाडकन कोसळला, तेव्हा हात थांबला.

गणपत रक्त थुंकला. म्हणाला, "मेंढ्या बसल्या जागची कोवळी ज्वारी, पाणी तुटलं का जहर धरते. पवळ्याले भायेर काढ, हेच सांगून राह्यलो होतो बे तुले."

मी मारत होतो तेवढा सगळा वेळ पवळ्या तिथंच चरत होता.