माळ्यावरची नऊ पोती

नॉर्थ डाकोटा,
गुरुवार, ९ मे १९१८

प्रिय रिकेताई,

तुम्हा सगळ्यांना देव सुखात ठेवो. तुझं पत्र मिळालं. कॅनडातल्या घरावर छप्पर चढलं, गाय व्याली, भाऊजींचा खोकला थांबला, हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे पेरणी आटोपत आलीय. सासूबाईंचे गुडघे सोडले तर बाकी त्या ठणठणीत आहेत. जिभेचं तर विचारूच नकोस.

परवा मक्याचा पाव बघून त्यांनी ताटच सरकवलं. "मका कोंबड्या खातात. मला खुराड्यात कधी टाकतेस, तेवढं सांगून ठेव."

"अहो आई, गहू लढाईवरच्या पोरांना जातोय. सरकारचा हुकूम आहे."

"मग सरकार येणार आहे का माझं ताट बघायला?"

येतंच की गं! आमच्या खिडकीत 'या घरात गहू वाचवला जातो' असं कार्ड लावलंय, खाली माझी सही. मला इंग्रजी येतं म्हणून अन्नबचत समितीत घेतलं. आपल्या जर्मन लोकांच्या घरोघरी जाऊन, किती पीठ आहे ते मीच विचारते. दर गुरुवारी तीन वाजता समितीच्या बायका माझ्याच बैठकीत जमतात. हॅडलीबाई अध्यक्ष. मोजे विणायचे आणि कोणाच्या घरी काय शिजतं ते बोलायचं, एवढंच काम.

तू विचारलंस, तुमच्या पिठाची चुगली कोणी केली ते कळलं का. त्याचं पुढे लिहिते.

सध्या घरात पतंग फार झालेत. पिठात होतात ना, ते करडे, बारके. गेल्या गुरुवारी एक थेट हॅडलीबाईंच्या लोकरीवर बसला. त्या हसून म्हणाल्या, "ओटिली, मक्याच्या पिठात एवढे पतंग? बाई, तुझ्या मक्याची चव घ्यायला हवी." सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि तो पतंग चिमटीत चिरडला.

ताई, माळ्यावर नऊ पोती आहेत. पांढऱ्या गव्हाच्या पिठाची. तुला वेगळं काय सांगू, बर्फ पडायच्या आत वर्षाचं पीठ दळून आणायचं ही आपली रीत. आई करायची, तू केलंस, मीही केलं. नियम मागाहून आला आणि त्या रिवाजाला साठेबाजी म्हणायला लागले. तेव्हाच परत करायला हवं होतं. पण सासूबाई पोत्यांवर परांची गादी टाकून झोपल्या. म्हणाल्या, "आपण रशियात होतो तेव्हा दुष्काळात माझी दोन लेकरं गेली. हे पीठ न्यायचं तर आधी मला उचला." मग मी कार्डावर खोटी सही केली.

आता ती परत करता येत नाहीत, सही आड येते. पाव भाजता येत नाही, वास फाटकापर्यंत जातो. डुकरांना घालावं तर त्यांची तोंडं पांढरी. माझ्याच घरात मी उंदरासारखी अडकलेय. वर पोती, खाली समिती.

आता ते लिहितेच. नाहीतर आजही राहील.

फेब्रुवारीत समितीचे दोन पुरुष आमच्याकडे आले होते. एकाने माळ्याच्या शिडीवर पाय ठेवला. दुसरी पायरी चढला असता तर संपलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे काय शोधताय? माझ्या बहिणीकडे बघा, तिच्याकडे अकरा पोती आहेत." तो खाली उतरला.

तुझं नाव घ्यायला मला श्वासाइतकासुद्धा वेळ लागला नाही.

तुमच्या कोठाराला देशद्रोह्यांचं म्हणून पिवळा रंग फासला, भाऊजींना चौकात गुडघ्यावर बसवून झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं, तेव्हा मी दुकानाच्या पडद्याआड उभी होते. तुम्ही निघालात त्या दिवशी तू मला मिठी मारून म्हणालीस, "तुला काही झालं नाही, देवाची कृपा." ताई, ती देवाची कृपा नव्हती गं.

आणि चुगलीचं सगळं खापर फुटलं तुमच्या शेजारच्या बिचाऱ्या म्हाताऱ्या शॉकवर. भाऊजींचं शिव्यांचं पत्र त्याला पोचलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर आता कोणी बसत नाही. म्हातारा एकटाच भजनाचं पुस्तक उघडून बसतो. त्याला आधी लिहा, तो निर्दोष आहे म्हणून. मला मागाहून काय ते लिहा, किंवा लिहू नका.

यांना मी सकाळी सगळं सांगितलं. "पेरणी तरी संपू द्यायचीस," एवढंच म्हणाले आणि घोडे जुंपायला गेले.

सासूबाईंना म्हटलं, "आई, उठा गादीवरून." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गादी गुंडाळून बाजूला झाल्या. मी पीठ दोनदा चाळलं. आता चार पाव भट्टीत आहेत. सासूबाई खुर्ची ओढून भट्टीसमोर बसल्यात, आणि पहिल्यांदाच त्यांची जीभ गप्प आहे. सगळ्या खिडक्या मी उघडल्या. कार्ड काढलं, ते या पाकिटात घातलंय. माझी सही नीट बघ.

तीनला पाच मिनिटं आहेत. हॅडलीबाई फाटकाशी थबकल्यात, नाक वर करून. आज पाव मीच त्यांच्यापुढे कापणार आहे, आणि तुझ्या अकरा पोत्यांची गोष्टही सांगणार आहे.

दार उघडायला जाते.

तुझं घर दाखवून स्वतःचं वाचवलेली,
तुझी धाकटी
ओटिली