वेबसाइटवरचे एक रिकामे पान

मी, कुंदा पुंडलिकराव काटेखाये, वय ४६, अविवाहित, व्यवसाय लेखन, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. एकाने आणून पाहिला, ते कलम ३ मध्ये.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा आणि तळ्याखालची बांधी, म्हणजे धानाचे शेत, माझा धाकटा भाऊ धनंजय याला द्यावी. धानाची शेती त्याला माझ्यापेक्षा चांगली कळते, हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही. आईचे शिवणयंत्र मात्र त्याची मुलगी गुंजन हिचे.

२. लॅपटॉप, रेकॉर्डर, अकरा वह्या, माझ्या लेखनाचे सर्व हक्क आणि माझी वेबसाइट पासवर्डसह गुंजनला. तिथे माझ्या कथा आहेत आणि धानाचा रोवणा (लावणी) करणाऱ्या बायांनी अठरा वर्षांत दिलेली गाणी आहेत. प्रत्येक गाण्याखाली देणारीचे नाव आहे; ते माझ्या नावापेक्षा लहान अक्षरात करू नये. पहिल्या पानावरचा माझा फोटो काढावा. तो मला जिवंतपणीही आवडला नाही. नवे गाणे टाकण्याआधी देणारीजवळ बसून ते तिला ऐकवावे. ती “पाहू” म्हणाली तर तो नकार समजावा.

३. वेबसाइटवर “गिरजाबाई” नावाचे पान आहे. त्यावर एकच ओळ आहे: हे गाणे आहे, पण इथे ऐकायला मिळणार नाही. हे पान कोणीही भरू नये, काढूही नये.

कारण लिहिते. रोवण्यात एखादी बाई गाणे संपवून “बांधीतच ठेवजा” म्हणाली, की ते गाणे कोणी घरी म्हणत नाही. गिरजाबाईंनी, त्यांची चार वर्षांची लेक गेली, तिचे गाणे म्हटले आणि शेवटी तेच सांगितले. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, रेकॉर्डर घेऊन उभी होते. मला ती नुसती बोलायची पद्धत वाटली. गाणे वेबसाइटवर टाकले. त्यांच्या नातसुनेच्या मोबाइलवर ते त्यांच्याच स्वयंपाकघरात वाजले. त्या माझ्या दारात आल्या, बसल्या नाहीत.

“कुंदे, बांधीतलं गाणं तू घरात काहून आणलं?”

मी रेकॉर्डिंग त्याच दिवशी पुसले. शब्द तेवढे वहीच्या एका पानावर राहिले.

तोवर सांस्कृतिक मंडळाच्या भैय्याजींनी ते ऐकले होते. त्यांना ते ढोलकी लावून आपल्या चॅनेलवर हवे आहे. गाणी काय कोणाच्या मालकीची असतात, असे ते मला माझ्याच ओसरीत शिकवून गेले. पुरस्कारासाठी माझे नाव सुचवतो म्हणाले. मी नाही म्हटले, तर धनंजय हसत म्हणाला, “ताई, तुह्या मागं सारं मलेच भेटनार हाये. तवा देऊन टाकीन.”

धनंजय, तू मस्करी केलीस. मृत्युपत्र करायचे मी त्या मस्करीवरूनच ठरवले.

४. माझी शोकसभा झालीच तर भैय्याजींनी श्रोत्यांत बसावे. माईक देऊ नये.

५. गिरजाबाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून ते वहीचे पान मी आज सकाळी, जिवंत असताना, त्यांच्या हातात दिले. मागे काही राहिलेले नाही.

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. गिरजाबाई म्हणाल्या, “माहं नाव कोठी हाये, बोट ठेवून दाखव.” दाखवले. त्यांनी वहीच्या पानाची घडी करून कमरेला खोवली आणि अंगठा पुढे केला. आता ज्याला ते गाणे हवे असेल, त्याने त्यांच्याकडे जाऊन मागावे.

कोंढा, दिनांक ११ ऑगस्ट २०२५

कुंदा पुंडलिकराव काटेखाये (सही)

आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर कुंदाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. केशरबाई हटवार, निवृत्त शिक्षिका, पवनी (सही)
२. गिरजाबाई नत्थू मोहतुरे, कोंढा (अंगठा)